चष्मेवाला: नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी रविवारी सकाळी हौशी मंडळींना पक्षी दाखवायला घेऊन जातो. कधी सोमेश्वरच्या बाजूला, कधी पांडवलेणीच्या पायथ्याशी, थंडीत नांदूरमध्यमेश्वरला. तिथे गरुड, करकोचे दिसले की सगळे माना उंच करून बघतात. घरी गेल्यावर मात्र फोन येतात ते एका चिमुकल्या हिरव्या-पिवळ्या पाखराबद्दल, जे त्यांच्याच खिडकीबाहेर बसलेलं असतं. उत्तरं देऊन देऊन तोंडपाठ झाली, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला हा पिवळसर हिरवा पक्षी कोणता?

चष्मेवाला. कड्याबद्दल खात्री असेल तर दुसरं नाव शोधत बसू नका, नाशकात पांढऱ्या कड्याचा असा हा एकच आहे. लांबी आठ-नऊ सेंटीमीटर, म्हणजे चिमणीहून बराच लहान. वजन दहा ग्रॅमच्या आतबाहेर, पोह्यांचे दोन चमचे धरा. पाठ हिरवट पिवळी, गळा आणि शेपटीखालचा भाग पिवळाधम्मक, पोट मळकट पांढरं. नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे ‘यातला नर कोणता’ हा प्रश्न मला विचारू नका, तो त्यांचा त्यांना ठाऊक.

ते कडं म्हणजे कातडी असते की पिसं?

पिसंच. अगदी बारीक, पांढरीशुभ्र, एकाला एक लागून बसलेली. चोच आणि डोळा यांच्या मधे एक काळपट डाग असतो, तिथे कडं किंचित तुटल्यासारखं वाटतं. घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाला ते धड उमटलेलं नसतं. ‘चष्मा न लावलेला चष्मेवाला’ म्हणून कुणी फोटो पाठवला तर मी आधी महिना विचारतो.

शास्त्रीय नाव झोस्टेरॉप्स पालपेब्रोसस. ग्रीकमध्ये झोस्टर म्हणजे कमरेचा पट्टा आणि ऑप्स म्हणजे डोळा. डोळ्याला कमरपट्टा बांधलेला! कोएनराड टेमिंक या डच पक्षीतज्ज्ञाने १८२४ साली हे वर्णन केलं. मला विचाराल तर आपलं मराठी नाव जास्त नेमकं आहे. कमरपट्टा घालणारे आता कमी उरले, चष्मे मात्र घरटी तीन.

मला तर शिंपी, शिंजीर आणि हा, तिन्ही सारखेच वाटतात. कसं ओळखायचं?

सगळ्यांचं असंच होतं. पक्षी लहान, पानं दाट आणि सूर्य नेमका समोर. म्हणून रंगाच्या आधी वागणं बघा.

शिंपी खालच्या झुडपात, कुंड्यांच्या मागे, शेपटी उभी धरून ठणठणीत आवाजात ओरडत फिरतो. त्याच्या डोक्यावर विटकरी टोपी असते. शिंजिराची चोच लांब आणि बाकदार, तो फुलापुढे क्षणभर तरंगतोही. त्याची मादी वरून हिरवट-तपकिरी आणि खालून पिवळसर असल्यामुळे घोळ होतो, पण चोच पाहिलीत की संपलं. सुभग नावाचा पक्षीही पिवळा खरा, पण चांगला मोठा, पंखांवर पांढऱ्या पट्ट्या आणि शीळ अशी की चाललेला माणूस थांबतो. थंडीत उत्तरेकडून येणारे पर्णवटवटे एकेकटे असतात, त्यांना कडं नसून भुवई असते.

चष्मेवाला थव्याने येतो. पाच-सात, कधी वीस-पंचवीस. झाडाच्या एका टोकाकडून शिरतात, फांद्यांना उलटेसुलटे लोंबकळत पानांची मागची बाजू तपासतात आणि दोन मिनिटांत दुसऱ्या टोकाने बाहेर. शेवटचा एक हमखास मागे राहतो, ओरडतो आणि धावत गाठतो. शाळेच्या सहलीसारखं.

आवाज कसा असतो?

बारीक, थोडा नाकातला, ‘प्रीऊ... प्रीऊ’ असा. थवा फिरताना सगळे अखंड बोलत असतात. झाडाच्या आत कुणी बारीक घुंगरं हलवतंय असं वाटतं. विणीच्या दिवसांत नराचं गाणं वेगळं. ते इतक्या हळू सुरू होतं की आधी लक्षातच येत नाही, मग चढत जातं आणि तसंच विरतं. गंगापूर रोडवर सकाळी नऊनंतर ते ऐकू येईल ही आशा सोडा. साडेसहाला बाल्कनीत चहा घेऊन उभे राहा, मोबाइल आत ठेवून.

आम्ही डहाणूला गेलो होतो. खाडीकाठच्या तिवरांत अगदी असाच पक्षी पाहिला. समुद्रावरचा पक्षी नाशकात कसा?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

पहिली गोष्ट, तो तोच पक्षी. फोटो जुळवून पाहिलेत तरी तोच निघेल. चष्मेवाला खारफुटीत, म्हणजे तिवरा-कांदळांच्या रानात राहतो, कारवारच्या बाजूच्या कांदळवनांत त्याची नोंद आहे, अंदमान-निकोबारच्या बेटांवर आहे, सह्याद्रीच्या पानझडी रानात आहे आणि हिमालयाच्या उतारांवरही आहे. फक्त राजस्थान-कच्छच्या कोरड्या वाळवंटी पट्ट्यात तो विरळ होतो. आपल्याला ‘समुद्रावरचा’ आणि ‘घाटावरचा’ अशी विभागणी सोयीची वाटते. पक्ष्याला झाडाचं नाव माहीत नसतं आणि तालुकाही.

त्याला हवं काय, ते खाडीवर नीट दिसतं. भरतीच्या वेळी तिवरांच्या रानाकडे बघा. झाडं बुटकी, एकमेकांत फांद्या घुसलेल्या, पानं लहान आणि जाड. खाली चिखल, त्यातून पेन्सिली रोवाव्यात तशी वर आलेली श्वसनमुळं, त्यांच्यावर चढत चाललेलं पाणी. एखाद्या सातभाईला तिथे राहा म्हटलं तर तो रडेल, कारण त्याचं निम्मं आयुष्य जमिनीवरचा पालापाचोळा उलटण्यात जातं. चष्मेवाला मात्र जमिनीवर जवळजवळ उतरतच नाही. किडे फांदीवर, मध फुलात, पाणी पानावरच्या दवात, अंघोळही तिथेच. खाली चिखल असो, भरतीचं पाणी असो की कॉलेज रोडचं डांबर, त्याला सारखंच. त्याचं जग जमिनीपासून चार-पाच फुटांवर सुरू होतं, आणि त्या उंचीवर तिवराचं रान व तुमच्या सोसायटीचं मेंदीचं कुंपण यांत फार फरक नाही.

म्हणजे डहाणूचा थवा कसारा घाट चढून नाशकात येतो असं समजू नका. तो दूरचं स्थलांतर करणारा पक्षी नाही. खाडीवरचे तिथले, आपले इथले. फुलं-फळं संपली की आसपास हिंडतात, एवढंच. पण मधल्या पट्ट्यातही ते आहेतच. डहाणूहून जव्हार-मोखाड्यामार्गे त्र्यंबकला येताना गाडी थांबवा, काच खाली करा आणि करवंदीच्या जाळ्यांकडे कान द्या. समुद्रसपाटीपासून नाशिकच्या सुमारे ६०० मीटर उंचीपर्यंत हा आवाज तुमच्याबरोबर येतो.

फरक असलाच तर कागदावर आहे. खारफुटीला आता वाली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिच्या तोडीला आळा घातला, २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागाने तिच्यासाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला, २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. आपल्याकडच्या बोरी-करवंदीच्या झुडपांना सातबाऱ्यावर एकच शब्द आहे: पोटखराबा. लागवडीला नालायक. चष्मेवाला नेमका त्या पोटखराब्यात राहतो.

दुर्मीळ आहे का?

नाही. निराश होऊ नका.

जगात याचे किती प्रकार आहेत?

शंभराहून जास्त. आफ्रिकेपासून प्रशांत महासागराच्या बेटांपर्यंत, आणि बहुतेक सगळे दिसायला थोड्याफार फरकाने असेच. नाशकात आपला एकच, श्रीलंकेच्या डोंगरात मात्र एक वेगळा, फक्त तिथलाच. डीएनएवरून कळलं की हे कुळ सातभाई-रानभाईंच्या गोतावळ्यातलं आहे, आणि एवढे सगळे प्रकार साधारण गेल्या वीस लाख वर्षांत तयार झाले आहेत. पक्ष्यांच्या हिशेबाने ही घाईच म्हणायची. कारण बहुधा हेच की थवा वाऱ्याबरोबर एखाद्या बेटावर पोचतो, तिथे जम बसवतो, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तिथून हलत नाही.

याचं पाहिलेलं उदाहरणही आहे. १८५० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या बाजूने यांचा एक भाऊबंद समुद्र ओलांडून न्यूझीलंडला पोचला आणि तिथेच राहिला. दहा-बारा ग्रॅमचा जीव, खाली नुसतं पाणी. तिथल्या माओरी लोकांनी त्याला ताउहोउ म्हटलं, म्हणजे नवखा, परका. आज तो तिथल्या परसातला अगदी नेहमीचा पक्षी आहे, नाव मात्र अजून परकाच. नोकरीसाठी येऊन तीस वर्षं नाशकात राहिलेल्या आणि अजून ‘तुम्ही मूळचे कुठले?’ ऐकणाऱ्यांना हे समजेल.

आमची द्राक्षबाग आहे. हा द्राक्षं खातो का?

हा प्रश्न निफाड-दिंडोरीकडून येतो आणि त्यामागे पैशांचा प्रश्न असतो, म्हणून हसण्यावारी नेत नाही.

खरं सांगायचं तर ऑस्ट्रेलियात याचाच भाऊबंद, न्यूझीलंडला गेलेला तोच, द्राक्षबागांत बदनाम आहे. तो मणी टोचतो, रस पितो आणि टोचलेल्या मण्यावर पुढे कूज येते. त्यामुळे ‘आपला अगदी निष्पाप’ असं शपथेवर मी म्हणणार नाही, बारीक फळं त्यालाही आवडतात. पण आपल्या बागेत मणी फोडणारे बघायचे तर साळुंक्या, बुलबुल आणि पोपट आहेत.

माझे एक मामा निफाडकडे आहेत. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) नव्या फुटी आल्या होत्या, तेव्हा त्यांनी मला फोन केला. ‘बारकी हिरवी पाखरं आलीत, फूट खातायत बघ. औषध मारू का?’ म्हटलं, थांबा, मी येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तारेखाली उकिडवे बसलो. मामांचे गुडघे कुरकुरत होते आणि तेही. अर्ध्या तासाने थवा आला. एक जण आमच्यापासून तीन हातांवरच्या फुटीला उलटा लटकला. पान अंगठ्याएवढं. त्याने ते खालून टोचलं, पुढे सरकला, परत टोचलं. पान जसंच्या तसं. तो निघून गेल्यावर मामांनी शेजारचं, त्याने न हाताळलेलं पान उलटलं आणि मला दाखवलं. शिरेच्या कडेने बारीक तुडतुडे आणि फुलकिडे बसलेले. मामा एवढंच म्हणाले, ‘म्हणजे हा आपल्या अगोदर कामावर येतो होय रे.’

फवारणी यामुळे बंद झाली असं नाही. तेवढ्याने बाग वाचत नाही, आणि तसं सांगणाऱ्यांवर मी विश्वासही ठेवत नाही. पण मामांनी बांधावरची बोर त्या वर्षी तोडली नाही.

एक मात्र सांगून ठेवतो. मणी भरताना बागेवर जाळी टाकता, ती ढिली सोडू नका. लोंबणाऱ्या पदरात लहान पक्षी गुरफटतात आणि उन्हात तासाभरात मरतात. जाळी ताठ ओढा आणि दिवसातून दोनदा कडेने चक्कर मारा.

कपाळ भगवं असलेला चष्मेवाला दिसला. नवी जात सापडली का?

पराग लागलाय. फुलात तोंड खुपसून मध प्यायला की कपाळ रंगतं. अशा रंगलेल्या कपाळाने भल्याभल्यांना फसवलंय. गेल्या वर्षी सातपूरहून असाच एक फोटो आला, पाठवणाऱ्याने नावही ठरवून ठेवलं होतं. मी विचारलं, घराजवळ काय फुललंय? काटेसावर. या सवयीमुळेच परागीभवनाच्या कामात हा पक्षी उपयोगाचा आहे, सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी कारवी फुलते तेव्हा तिच्या ताटव्यांत हे थवे दिवसभर राबतात.

थंडीत एवढासा जीव जगतो कसा?

चिकटून. निफाडचा पारा काही वर्षी सहा अंशांच्याही खाली जातो, तेव्हा हे रात्री एका फांदीवर रांगेत, अंगाला अंग लावून बसतात. ओळीच्या टोकाला कुणालाच बसायचं नसतं. टोकाचा उडतो आणि मधे घुसतो, मग नवा टोकाचा उडतो. अंधार होईपर्यंत हे चालतं. दिवसाही दोघं शेजारी बसून एकमेकांच्या मानेची पिसं साफ करताना दिसतात, जिथे स्वतःची चोच पोचत नाही तिथली.

घरटं कधी आणि कुठे करतो?

फेब्रुवारी ते सप्टेंबरमध्ये कधीही, पण जोर एप्रिलच्या आसपास. म्हणजे नेमका आपण बागेची ‘साफसफाई’ काढतो तेव्हा.

घरटं दोन बारीक फांद्यांच्या बेचक्यात झोळीसारखं टांगलेलं असतं. लिंबाच्या फोडीएवढं तोंड, अर्ध्या नारळाच्या वाटीपेक्षा बरंच लहान. आमच्या डाळिंबावर एक झालं होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून हातभर अंतरावर, त्यामुळे बायको आणि मी आळीपाळीने पहारा केला. पहिल्या दिवशी नुसतं कोळ्याचं जाळं. मादी की नर ते सांगता येत नाही, पण एक जण चोचीत जाळ्याचा पुंजका आणायचा, एका फांदीला चिकटवायचा, ताणून दुसऱ्या फांदीवर न्यायचा आणि चोच पुसल्यासारखी करून पक्कं करायचा. मग त्या झुल्यात तंतू, दगडफूल, गवताची मऊ काडी. मधेच आत बसून छातीने गोल फिरायचं, कुंभार आतून हात फिरवतो तसं. चौथ्या दिवशी वाटी तयार.

सामान चोरायलाही यांना लाज नसते. दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्याचे तंतू ओढून आणताना यांना पाहिलेलं आहे.

अंडी बहुधा दोन, फिकट निळी. साधारण दहा दिवसांत फुटतात आणि पुढच्या दहा दिवसांत पिल्लं उडतात. वीस दिवसांत सगळा संसार आटोपतो. म्हणूनच ‘रविवारी माळी येणार आहे, तोवर ठेवू का?’ याला माझं उत्तर असतं, तीन रविवार थांबा. आमच्या जवळच्याच एका सोसायटीत हे सांगायला मी एक दिवस उशिरा पोचलो. मेंदीचं कुंपण फूटपट्टी लावावी तसं सरळ कापलेलं होतं आणि कचऱ्याच्या गोणीत वरच झोळी होती. माळ्याचा दोष नाही, त्याला घरटं दिसलंच नाही. ते न दिसण्यासाठीच केलेलं असतं.

खार घरट्याजवळ जाते. हाकलू का?

तुम्ही राहू द्या, ते बघून घेतात. दहा ग्रॅमचे हे दोघं खारीच्या अंगावर धावून जातात आणि ती पळते. वटवाघूळ, शिक्रा किंवा खंड्या आला तर मात्र यांचं काही चालत नाही. तुम्ही जेवढ्या वेळा झाडापाशी जाल तेवढ्या वेळा कावळ्याला पत्ता कळतो, हे लक्षात असू द्या. फोटोसाठी पानं बाजूला बांधणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या फोटोंना मी कधी छान म्हणत नाही.

आणि एक गंमत: चष्मेवाले कधी कधी दुसऱ्याच जातीच्या पिल्लांना भरवतात. स्वर्गीय नर्तक या पक्ष्याच्या घरट्यात असं घडल्याची नोंद आहे. सामान चोरणारे ते हेच, बरं का.

पिल्लू खाली पडलंय. काय करू?

पिसं आलेली असतील आणि फांदी धरता येत असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि दूर जा. आई-बाप आवाजावरून शोधतात. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा समज खोटा आहे. अंग उघडं असेल आणि घरटं दिसत असेल तर परत घरट्यात ठेवा. दूध, भात, पाव तोंडात कोंबू नका.

काचेवर आपटून पूर्ण वाढलेला पक्षी सुन्न पडला असेल तर बुटाच्या खोक्याला भोकं पाडून त्यात मऊ फडक्यावर ठेवा, झाकण लावा, शांत जागी एक-दोन तास. पाणी पाजू नका, ठसका लागून मरतो. नंतर बाहेर नेऊन झाकण उघडा, उडायचा असेल तर उडेल. जखम दिसत असेल तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा.

पिंजऱ्यात पाळता येईल का?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. बाजारात कुणी ‘परदेशी आहे’ म्हणून विकत असेल तरी कडं बघा.

बाल्कनीत यावा म्हणून दाणे ठेवले, येत नाही.

तो दाणे खातच नाही. तांदूळ-बाजरी ठेवाल तर पारवे येतील आणि मग तुम्ही मला पारव्यांबद्दल फोन कराल. त्यापेक्षा उथळ बशीत दोन बोटं पाणी ठेवा, रोज बदला. त्याहून चांगलं म्हणजे उन्हाळ्यात सकाळी झाडाच्या पानांवर पाणी शिंपडा. ओल्या पानांत अंग घुसळून अंघोळ करताना त्याला एकदा पाहिलंत की टीव्ही लावणार नाही.

मग लावू काय?

जागा असेल तर शेवगा, कढीपत्ता, डाळिंब, अडुळसा. फार्महाउसच्या कडेला करवंद, बोर, तोरण, धायटी, मुरुडशेंग. घाणेरीची फळं पक्षी खातात हे खरं, पण ती मुद्दाम लावू नका, बाहेरून आलेली आहे आणि एकदा पसरली की बाकीच्यांना जागा देत नाही.

झाडांपेक्षा त्यांच्यातलं अंतर महत्त्वाचं. एकेकटी, गोल कापलेली, मधे लॉन असलेली झाडं दिसायला छान, पण या पक्ष्याला ती बेटांसारखी वाटतात. फांदीला फांदी लागू द्या. कोपऱ्यात थोडं अस्ताव्यस्त राहू द्या, पाहुण्यांना सांगा की मुद्दाम ठेवलंय. कोळिष्टकंही बाहेरच्या बाजूची झाडू नका, त्याच्या घराचं ते सिमेंट आहे. घरातली खुशाल झाडा, याबाबतीत मी बायकोच्या विरोधात जाणार नाही.

संक्रांतीच्या मांजाने याला धोका आहे का?

आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी येवल्यापासून पंचवटीपर्यंत जानेवारीअखेर झाडं लोंबत्या दोऱ्यांनी भरलेली असतात. मोठा पक्षी अडकला की लोक धावतात, हा अडकला तर वाळलेलं पान वाटतो. गच्चीवरून हात पोचेल तेवढा मांजा काढून बारीक तुकडे करून टाका, अख्खा कचऱ्यात टाकू नका.

नाशकात बघायला कुठे जाऊ?

आधी स्वतःच्या गच्चीवर. मग पांडवलेणीच्या पायऱ्यांच्या कडेची झाडी, गंगापूर धरणाची मागची बाजू, अंजनेरीची वाट. नांदूरमध्यमेश्वरला सगळ्यांची तोंडं पाण्याकडे असतात. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून गर्दीही वाढली. तुम्ही मनोऱ्याकडे जाताना बाभळींत बघा. दुर्बीण नसली तरी चालेल, हा माणसाला फार भीत नाही. एका जागी उभं राहा, थवा तुमच्या डोक्यावरून जाईल.

पिल्लं उडून गेली. रिकामं घरटं काढून टाकू का?

थोडे दिवस राहू द्या. पुढच्या घरट्याला ते बहुधा वापरत नाहीत, पण सामान वाया जात नाही. आमचं डाळिंबावरचं घरटं आम्ही ठेवलं होतं, आठवण म्हणून काचेच्या बरणीत घालायचं असं बायकोने ठरवलेलं. पहिल्या पावसाआधी एका सकाळी बघतो तर शिंजिराची मादी त्याच्या काठावर बसून जाळं उसवत होती. दोन दिवसांत तिने एक बाजू पूर्ण नेली. उरलेलं मी हातात घेतलं. आत गवत, शेजारच्या कापडाचे दोन निळे तंतू आणि मधोमध कापसाचा एक लांबट पीळ, टोकाला किंचित काळा. आई आठवडाभर विचारत होती की तुळशीपाशी ठेवलेल्या वाती कमी कशा होतात.